काचेच्या पेटीबाहेरची आई

जानेवारी २०२० मध्ये पाच देशांत एकाच वेळी सुरू असलेली एक वैद्यकीय चाचणी ठरलेल्या मुदतीआधीच थांबवण्यात आली. चाचणी मध्येच थांबली की उपचाराने काही अपाय झाला असावा, अशी शंका सहसा येते. या वेळी कारण उलटे होते. नव्या पद्धतीने सांभाळलेली बाळे इतक्या स्पष्टपणे अधिक संख्येने जगत होती, की उरलेल्यांना त्या पद्धतीपासून दूर ठेवणे देखरेख समितीला योग्य वाटले नाही. घाना, मलावी, नायजेरिया, टांझानिया आणि भारत या देशांतील एकेका रुग्णालयात ही चाचणी चालू होती. भारतातील केंद्र होते दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय. पद्धत अशी, की अत्यंत कमी वजनाच्या बाळाला जन्मानंतर शक्य तितक्या लवकर आईच्या उघड्या छातीवर ठेवायचे आणि त्यासाठी आईची खाटच अतिदक्षता विभागात न्यायची.

इतकी साधी गोष्ट सिद्ध व्हायला २०२० साल का उजाडावे लागले? अपुऱ्या दिवसांच्या बाळाला वाचवणारे शास्त्र जसजसे वाढत गेले, तसतशी आई त्या बाळापासून दूर होत गेली. तिला दूर ठेवणारा नियम ज्या भीतीतून जन्मला, ती भीती खरी होती. पण तो नियम बरोबर आहे का, हे मोजून पाहण्याचे काम फार उशिरा झाले.

गर्भधारणेचे ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेल्या बाळाला वैद्यकशास्त्र अकाली जन्मलेले मानते. अशा बाळाच्या त्वचेखाली चरबीचा थर पुरेसा नसतो, त्यामुळे त्याला स्वतःची ऊब राखता येत नाही. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ साधारण ३४व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी आलेल्या बाळाला अंगावरचे दूध ओढणे कठीण जाते. फुप्फुसांतील वायुकोश मिटू न देणारा सर्फॅक्टंट हा पदार्थही पुरेसा तयार झालेला नसतो. २०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अकाली जन्मली, असा जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहकाऱ्यांचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे ३० लाख २० हजार भारतात जन्मली. म्हणजे जगातील दर पाच अकाली बाळांमागे एकाहून अधिक भारतीय.

या बाळांसाठी केलेली पहिली मोठी सोय उबेची होती. पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ स्टेफान तार्निए यांनी प्राणिसंग्रहालयात कोंबडीची अंडी उबवण्याची पेटी पाहिली आणि तशीच पेटी बाळांसाठी बनवून घेतली. १८८० मध्ये पॅरिसच्या प्रसूतिगृहात ती वापरात आली. १२०० ते २००० ग्रॅम वजनाच्या बाळांतील मृत्यूचे प्रमाण ६६ टक्क्यांवरून ३८ टक्क्यांवर आल्याची नोंद तेथील डॉक्टरांनी केली. आपल्याकडे आजही ‘बाळाला पेटीत ठेवले आहे’ असे म्हणतात. त्या पेटीचा उगम हा असा अंड्यांपर्यंत जातो.

तार्निए यांचे शिष्य पिएर ब्यूदँ यांनी या पेटीचा एक दुष्परिणाम लवकरच ओळखला. बाळाची कोणतीच गरज जिला भागवावी लागत नाही, अशी आई हळूहळू त्याच्यापासून मनाने तुटते आणि काही माता तर बाळाला रुग्णालयातच सोडून जातात, असे त्यांनी लिहून ठेवले. आईला बाळ दिसत राहावे आणि तिने स्वतःचे दूध पाजावे, यावर त्यांचा भर होता. १९०० च्या आसपासचा हा विचार पुढची सत्तर वर्षे जवळजवळ बाजूलाच पडला.

पेटीचा प्रसार झाला तो विलक्षण मार्गाने. मार्टिन कूनी यांनी १८९६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात पेट्यांमधील जिवंत बाळे लोकांना दाखवली. नंतर ते अमेरिकेत गेले आणि १९०३ पासून १९४३ पर्यंत न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंड या जत्रेच्या ठिकाणी दर उन्हाळ्यात त्यांचे प्रदर्शन भरत असे. पंचवीस सेंटचे तिकीट काढून लोक ती इवली बाळे पाहत. त्या पैशांतून परिचारिकांचा आणि दुधाचा खर्च निघे. आईवडिलांकडून एक पैही घेतली जात नसे. बहुतेक रुग्णालये ज्या बाळांकडे पाठ फिरवत होती, त्यांतील हजारो येथे वाचली. तरी त्या दृश्यातील विसंगती नजरेतून सुटत नाही. काचेपलीकडचे बाळ पाहायला परक्यांची रांग लागलेली असे आणि त्याला छातीशी धरण्यासाठी आईला ठरावीक वजन भरेपर्यंत थांबावे लागे.

१९२२ मध्ये शिकागो येथे डॉ. ज्युलियस हेस यांच्या देखरेखीखाली अकाली बाळांसाठी स्वतंत्र कक्ष उभा राहिला आणि अमेरिकेतील रुग्णालयांनी तो नमुना उचलला. शिस्त कडक होती. तोंडाला फडके, अंगावर निर्जंतुक झगा, बाळाला कमीत कमी हात लावायचा, बाहेरच्या कोणालाही प्रवेश नाही. ‘बाहेरच्या’ या शब्दात आईवडीलही आले. प्रतिजैविके अजून यायची होती. एका बाळाचा जुलाब किंवा सर्दी साऱ्या कक्षात पसरे आणि एकामागून एक पाळणे रिकामे होत. अशा काळात दार बंद ठेवणे हे निष्ठुरपणाचे लक्षण नव्हते. पुढे १९४० च्या दशकात पेनिसिलिन सर्वत्र मिळू लागले, तरी दार बंदच राहिले. कारण मागे पडले होते, रिवाज उरला होता.

या रिवाजाचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण एका राष्ट्राध्यक्षाच्या घरातले आहे. ७ ऑगस्ट १९६३ रोजी जॉन आणि जॅकलिन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे आधी जन्मला. वजन सुमारे २ किलो १०० ग्रॅम, म्हणजे आजच्या हिशेबाने फार कमी नव्हे. पण त्याची फुप्फुसे तयार नव्हती. त्याला तातडीने बोस्टनला हलवण्यात आले. शस्त्रक्रियेने प्रसूत झालेली आई केप कॉडच्या लष्करी रुग्णालयातच राहिली. ३९ तासांनी पॅट्रिक गेला. बोस्टनला नेल्यानंतर आईला तो पुन्हा जिवंत दिसला नाही, अंत्यविधीलाही तिला जाता आले नाही. या आजाराचे मूळ सर्फॅक्टंटच्या अभावात आहे, हे डॉ. मेरी एलन एव्हरी यांनी १९५९ मध्येच दाखवले होते. कारण कळले होते, उपाय हाती नव्हता.

तो हाती यायला दोन दशके लागली. १९७१ मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी बाळाच्या श्वासमार्गात हवेचा सतत हलका दाब ठेवून वायुकोश मिटू न देण्याची पद्धत प्रसिद्ध केली. ती आज सीपॅप या नावाने जिल्हा रुग्णालयांतही आढळते. १९७२ मध्ये न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हाऊवी यांनी दाखवले की प्रसूतीआधी आईला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिल्यास बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात. १९८० मध्ये जपानमधील फुजिवारा यांनी कृत्रिम सर्फॅक्टंट थेट बाळाच्या फुप्फुसांत सोडून यश मिळवले. पूर्वी जी बाळे दोन दिवसांत जात, ती आता जगू लागली. मात्र त्यांना आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहावे लागे, आणि तितकेच आठवडे आईवडील दाराबाहेर थांबू लागले.

हे थांबणे कसे असते, ते भारतातल्या कोणत्याही मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या व्हरांड्यात दिसते. प्रसूती अनपेक्षित झालेली असते. पाळणा, बारसे, माहेरची तयारी सारे मनातच राहिलेले असते. शेजारच्या खाटांवर बाळे रडत असतात आणि या बाळंतिणीच्या कुशीत कोणी नसते. तिचे बाळ वरच्या मजल्यावर, कधी दुसऱ्याच गावच्या रुग्णालयात. टाके ओले असताना ती भिंतीला धरून जिने चढते, हाताने पिळलेला चीक छोट्या वाटीतून दाराशी देते आणि परत फिरते. वडिलांच्या वाट्याला कागद, औषधांच्या चिठ्ठ्या, रक्तपेढी आणि बुडालेली मजुरी. आत डोकावायला मिळाले तर दिसते ते नळ्यांत गुंतलेले तळहाताएवढे शरीर. यंत्राचा प्रत्येक गजर काळजाचा ठोका चुकवतो. तो सैल झालेल्या तारेमुळे वाजला की श्वास थांबल्यामुळे, हे सांगायला परिचारिकेला सवड नसते. घरून फोन येतो तेव्हा सांगायला एकच गोष्ट असते, आज किती ग्रॅम वाढले. आणि बहुतेक आयांच्या मनात एक प्रश्न घर करून असतो, जो त्या कोणालाच विचारत नाहीत: माझेच काही चुकले का? अकाली प्रसूतीचे कारण अनेकदा वैद्यकशास्त्रालाही सापडत नाही. आईला दोषी ठरवणारी बोलणी मात्र घरात सहज होतात.

बंद दाराचा नियम पहिल्यांदा नीट तपासला गेला तो अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे. तेथील बार्नेट, क्लाउस आणि सहकाऱ्यांनी मातांना अतिदक्षता विभागात येऊ दिले, बाळाला हात लावू दिला आणि जंतुसंसर्गाची नोंद ठेवली. १९७० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की माता आत आल्याने संसर्ग वाढला नाही. सत्तर वर्षांच्या रिवाजाखाली पुराव्याचा पाया नव्हता. श्रीमंत देशांतील दारे त्यानंतर हळूहळू उघडू लागली.

गरीब देशांत उत्तर वेगळ्या वाटेने आले. १९७८ मध्ये कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील माता-बाल रुग्णालयात पेट्या इतक्या अपुऱ्या होत्या, की एका पेटीत दोन-तीन बाळे ठेवावी लागत. संसर्गाने बाळे दगावत, काहींना आईवडील सोडून जात. डॉ. एडगर रे सनाब्रिया यांनी, आणि पुढच्या वर्षापासून त्यांच्याबरोबर डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी, स्थिर झालेल्या बाळांना आईच्या छातीवर उभे बांधायला सुरुवात केली. त्वचेला त्वचा, आईचेच दूध, आणि जमेल तितक्या लवकर घरी पाठवणी. पोटच्या पिशवीत पिल्लू वाढवणाऱ्या प्राण्यावरून या पद्धतीला ‘कांगारू मदर केअर’ हे नाव पडले. सुरुवातीला ती ‘गरिबांची पेटी’ समजली गेली. पण बोगोटातच १९९० च्या दशकात शास्त्रशुद्ध चाचणी झाली आणि त्या चाचणीतील मुलांचा वीस वर्षांनंतरचा पाठपुरावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. या पद्धतीचे सामाजिक आणि वर्तनविषयक फायदे तोपर्यंत टिकून असल्याचे त्यात दिसले.

भारताने या कथेत केवळ अनुकरण केले नाही. १९८९ मध्ये मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. ज्या बाळाच्या आईला अजून दूध येत नाही किंवा जी स्वतःच आजारी आहे, त्याला दुसऱ्या मातेचे निर्जंतुक केलेले दूध मिळू लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने प्रश्न रुग्णालयाबाहेर नेला. ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकवून त्यांनी घराघरांत नवजात बाळाची सेवा पोहोचवली. नवजात मृत्युदरात ६२ टक्के घट झाल्याचे १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केले, आणि २०११ पासून आशा कार्यकर्तींच्या गृहभेटींच्या रूपाने ही कल्पना देशभर गेली. या दोन्ही प्रयोगांत आई आणि घर यांना उपचाराचा भाग मानलेले होते.

रुग्णालयांची साखळीही याच काळात वाढली. २००३ मध्ये पश्चिम बंगालच्या पुरुलिया जिल्हा रुग्णालयात आजारी नवजात बाळांसाठी विशेष कक्ष उभा राहिला आणि पुढे राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून असे कक्ष देशभर झाले. यंत्रे जिल्ह्यापर्यंत आली, तसा दाराबाहेरचा व्हरांडाही जिल्ह्यापर्यंत आला.

ते दार उघडण्यासाठी भारतीय पुरावाच कामी आला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या २०६ बाळांवर झालेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. आईच्या छातीवर वाढवलेल्या बाळांचे वजन अधिक वेगाने वाढले. अंग गार पडणे, रक्तातील साखर उतरणे आणि जंतुसंसर्ग हे तिन्ही पारंपरिक पद्धतीच्या गटात अधिक आढळले. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आणखी पुढचे पाऊल पडले. तेथे आईवडिलांना हात धुणे, बाळाला पुसणे, नळीने किंवा वाटी-चमच्याने दूध देणे, धोक्याची चिन्हे ओळखणे हे शिकवून अतिदक्षता विभागातच सेवेत सामील करून घेतले गेले. २९५ बाळांवरील चाचणीचा निष्कर्ष २०१७ मध्ये आला. रुग्णालयातील संसर्गाचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच होते, मात्र घरी जाण्याआधी केवळ आईच्या दुधावर असलेल्या बाळांचे प्रमाण ६६.७ टक्क्यांच्या तुलनेत ८०.४ टक्के झाले. त्याच वर्षी केंद्र सरकारने ‘कुटुंब सहभागी सेवा’ या नावाने देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या.

हरियाणात १५०० ते २२५० ग्रॅम वजनाच्या ८४०२ बाळांवर झालेला अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. येथे कांगारू पद्धत घरीच सुरू करण्यात आली होती. पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू ३० टक्क्यांनी कमी झाले.

तरी एक प्रश्न उरला होता. तोवरचा नियम होता: आधी बाळ स्थिर होऊ द्या, मग आईकडे द्या. पण बहुतेक मृत्यू याच पहिल्या तासांत आणि दिवसांत होतात. सफदरजंगसह पाच रुग्णालयांतील चाचणीने नेमका हाच क्रम उलटा करून पाहिला. १००० ते १७९९ ग्रॅम वजनाची ३२११ बाळे दोन गटांत विभागली गेली. एका गटात आईचा स्पर्श जन्मानंतर साधारण १.३ तासांनी सुरू झाला, दुसऱ्यात रूढ पद्धतीप्रमाणे ५३.६ तासांनी. अतिदक्षता विभागात असताना पहिल्या गटातील बाळ दिवसाचे सुमारे १७ तास आईच्या किंवा तिच्या जागी आलेल्या नातेवाइकाच्या छातीवर होते, दुसऱ्यातील दीड तास. २८ दिवसांतील मृत्यू पहिल्या गटात १२ टक्के, दुसऱ्यात १५.७ टक्के. साध्या हिशेबात, अशा दर २७ बाळांमागे एक बाळ अधिक वाचले.

यामागे चमत्कार नाही. आईचे अंग बाळाला सतत आणि योग्य तेवढी ऊब देते. अंग गार पडलेली बाळे ८.३ टक्क्यांऐवजी ५.६ टक्के होती. छातीशी असलेल्या बाळाला दूध लवकर आणि वारंवार मिळते. रुग्णालयातील चिवट जंतूंऐवजी आईच्या अंगावरचे सौम्य जंतू त्याच्या त्वचेवर वस्ती करतात, असे तज्ज्ञ मानतात. श्वास अडखळला तर ते सर्वांत आधी आईलाच जाणवते. आणि ज्या संसर्गाच्या भीतीने आईला शंभर वर्षे बाहेर ठेवले, त्याचे आकडे सर्वांत बोलके आहेत: संसर्गाची शंका आलेली बाळे आईजवळच्या गटात २२.९ टक्के, दूर ठेवलेल्या गटात २७.८ टक्के. नोव्हेंबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या शिफारशी बदलल्या. जन्मानंतर लगेच आईचा स्पर्श, आणि कुटुंबाचा सेवेत सहभाग, या दोन्ही बाबी त्यांत आल्या.

याचा अर्थ यंत्रे निरुपयोगी ठरली असा नाही. एक किलोपेक्षा कमी वजनाची बाळे या चाचणीत नव्हती. जन्मानंतर तासाभरातही स्वतः श्वास घेऊ न शकणारी बाळेही नव्हती. बाकीच्यांनाही गरजेप्रमाणे सीपॅप, ऑक्सिजन, प्रतिजैविके मिळतच होती. फरक इतकाच की ते उपचार आईच्या छातीवर असताना मिळत होते.

आता अडचण ज्ञानाची राहिलेली नाही, जागेची आहे. बाळाच्या वॉर्मरशेजारी आईची खाट ठेवायची तर विभागाची रचना बदलावी लागते. नुकत्याच प्रसूत झालेल्या स्त्रीचा रक्तस्राव, रक्तदाब, टाके यांची तपासणी तिथेच व्हावी लागते, म्हणजे स्त्रीरोग आणि बालरोग या दोन विभागांना एका छताखाली काम करावे लागते. तिचे जेवण, तिचे स्वच्छतागृह, घरी राहिलेले मोठे मूल, हे सारे प्रश्न वैद्यकीय बनतात. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने २६ आठवड्यांची प्रसूती रजा दिली आहे, पण ती मुख्यतः संघटित क्षेत्रातील नोकरदार स्त्रीला मिळते. शेतमजूर बाईच्या पदरी ती पडत नाही. तिच्या नवऱ्याला एक दिवस रुग्णालयात बसायचे तर त्या दिवसाची मजुरी सोडावी लागते. आईऐवजी वडील, आजी, मावशी यांनाही बाळ छातीशी घेता येते. त्यासाठी पहारेकऱ्याने त्यांना दारात अडवू नये, एवढा तरी बदल व्हावा लागतो.

भारतात वर्षाला ३० लाख अकाली बाळे जन्मतात. त्यांच्यापैकी ज्यांना अतिदक्षता विभाग लागतो, त्यांच्यासाठी व्हेंटिलेटर किती आहेत हे आपण मोजतो आणि ते मोजलेच पाहिजेत. त्याच यादीत वॉर्मरशेजारच्या आईच्या खाटाही मोजल्या जायला हव्यात.